भूकंपात पळू नका, समुद्राकाठी थांबू नका

30 जुलै 2025 ची सकाळ. रशियाच्या कामचाटकामधे आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे पाचच्या सुमाराला 8.8 चा भूकंप झाला आणि सकाळचा चहा व्हायच्या आत आमच्या घरच्या ग्रुपवर त्सुनामीचे व्हिडिओ सुरू. माझी ताई अमळनेरला असते, तिचा मुलगा जपानला पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावात नोकरीला आहे, ती फोनवर फोन लावतेय, लागत नाहीये, आणि इकडे कोणीतरी गाड्या वाहून चालल्याचा व्हिडिओ टाकतंय. तो व्हिडिओ 2011 चा होता. बऱ्याच वेळाने भाच्याचा दोन शब्दांचा मेसेज आला, "वर आलोय". म्हणजे टेकडीवरच्या शाळेत. तोपर्यंतचा वेळ ताईने कसा काढला ते आम्ही बघितलंय, म्हणून हे सगळं नीट एका जागी लिहून ठेवतेय.

खूपजण म्हणतात आपल्याला काय त्याचं, आपल्याकडे समुद्र कुठंय. बरोबर आहे, जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटर वर आहे, तापीतून त्सुनामी उलटी वर येईल वगैरे जे फॉरवर्ड फिरतात त्यात काही तथ्य नाही. पण खान्देशातला माणूस समुद्रावर जातोच की. सुरतेला उधना-लिंबायतमधे आपली किती माणसं आहेत, रविवारी पोरं घेऊन डुमसला जातात, शिवाय गणपतीपुळे, दीव, सोमनाथ, रामेश्वर, जगन्नाथपुरी, लग्न झालं की अंदमान नाहीतर बाली. आणि भूकंप तर घरचाच. आपला बहुतेक भाग भूकंपाच्या नकाशात झोन 3 म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात धरलाय, सातपुडा आणि तापीच्या बाजूने जमिनीत जुन्या भेगा आहेत, 14 मार्च 1938 ला सातपुड्यात 6 च्या वरचा भूकंप झालेला आहे. रोज घाबरून राहा असं नाही म्हणत मी, पण आपल्याकडे होतच नाही हा समज काढून टाका.

सगळ्यात आधी डोक्यात एक गोष्ट पक्की बसवा, कारण गोंधळ इथेच होतो. भूकंपात पळायचं नसतं आणि त्सुनामीत थांबायचं नसतं. दोन्हीत माणूस नेमकं उलटं करतो. जमीन हलली की जिन्याकडे धावतो, आणि समुद्र मागे सरकला की शंख-मासे बघायला पुढे जातो. दोन्ही वेळेला विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून जे ठरवायचं ते आज घरी बसून ठरवायचं.

आता घराचं. तुमचं घर सिमेंट-काँक्रीटचं, पिलर-बीमचं असेल तर हलायला लागल्या लागल्या खाली बसा, मजबूत टेबलाखाली किंवा पलंगाला लागून, डोकं आणि मान हातांनी झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा आणि हलणं थांबेपर्यंत तिथेच राहा. टेबल नसेल तर आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकी आणि कपाटापासून लांब. दाराच्या चौकटीत उभं राहा असं आपल्याला लहानपणी सांगायचे, ते आता कोणी सांगत नाही, आजकालच्या चौकटी काही भिंतीपेक्षा मजबूत नसतात आणि दार आपटून बोटं चेपतात ते वेगळंच. लिफ्ट नाही. जिना नाही, हलणाऱ्या जिन्यावर आणि गॅलरीतून उड्या मारताना खूप लोक जखमी होतात. धक्का बहुतेकदा अर्ध्या-एक मिनिटात संपतो, पण ते अर्धं मिनिट फार मोठं वाटतं, म्हणून मोठ्याने आकडे मोजा, मुलांना पण मोजायला लावा, त्याने ती शांत राहतात. झोपेत असाल तर पलंगावरून उठू नका, पालथे व्हा आणि उशी डोक्यावर घ्या, हे मात्र डोक्यावर कपाट किंवा जड फोटो नसेल तरच.

पण आपल्याकडे सगळी घरं पिलरची नाहीत ना. खेड्यापाड्यात धाब्याची घरं अजून आहेत, मातीच्या नाहीतर दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडाच्या खांडांवर मातीचा जाड थर, दर पावसाळ्याआधी त्याच्यावर अजून माती टाकतात. उन्हाळ्यात असं गार घर दुसरं नाही, मी स्वतः तशाच घरात वाढले. पण भूकंपात सगळ्यात घातक तेच. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी हेच झालं, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते, भूकंप साधारण 6.2 चा म्हणजे जगाच्या मानाने काही फार मोठा नाही, तरी दहा हजारांच्या आसपास माणसं गेली कारण दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावरचं मातीचं माळवद झोपेतच अंगावर आलं. भूकंपापेक्षा घराने माणसं मारली असं म्हणायला हरकत नाही. म्हणून अशा घरासाठी नियम वेगळा. तळमजल्याला असाल आणि दार चार-पाच पावलांवर असेल तर सरळ बाहेर मोकळ्या जागेत जा, नुसतं भिंतीच्या कडेला उभं राहू नका, भिंत बाहेरच पडते. दार लांब असेल तर मजबूत लाकडी पलंग, मोठी पेटी अशा कशाच्या तरी खाली नाहीतर लगत डोकं झाका. आणि मी तर म्हणेन म्हाताऱ्या माणसांची खाट आजच दाराजवळ आणा, आतल्या खोलीत माळ्याखाली नको. दर वर्षी धाब्यावर नवी माती चढवताना आधीची जुनी माती काढा, वजन वाढवत नेऊ नका. लाकडी खांबांचे सांधे सुटले असतील तर सुताराला बोलावून पट्ट्या मारून घ्या. नवीन घर बांधताय तर प्लिंथला, खिडक्या-दारांवर आणि छताच्या पातळीला सगळ्या भिंतींना बांधून घेणारी आडवी काँक्रीटची पट्टी आली पाहिजे, मिस्तरी म्हणेल काही गरज नाही, तुम्ही अडून बसा.

किचनमधे काय आहे बघा. स्टीलची मांडणी भिंतीला नुसती खिळ्यावर लटकवलेली असते, त्याखालीच ओटा. तिला खालून-वरून स्क्रू मारून घ्या. लोखंडी कपाट एल पट्टीने भिंतीला बांधा, सुतार तासाभरात करून देतो. माळ्यावरचे पितळी हंडे, आजीच्या वेळचे डबे, पापड-कुरडयांचे पिंप, लग्नाची भांडी, हे जड सामान खाली उतरवा, हलकी गाद्या-गोधडी वर ठेवा. धान्याची कोठी झोपायच्या जागेपासून लांब. सिलेंडर साखळीने बांधता आला तर उत्तम, आणि घरातल्या प्रत्येकाला, दहा वर्षांच्या मुलाला सुद्धा, रेग्युलेटर कसा बंद करायचा आणि मेन स्विच कुठे आहे हे माहिती पाहिजे. उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतो, तिथे पाण्याच्या टाकीखाली आणि कठड्याला लागून अंथरूण टाकू नका. पलंगाजवळ चप्पल आणि टॉर्च. चप्पल कशाला तर रात्री काचा फुटलेल्या असतात आणि भूकंपानंतर पाय कापून घेणारे लोक फार असतात, पाय गेला की पुढचं काहीच करता येत नाही.

बाहेर असाल तर इमारती, जुन्या वाड्यांच्या भिंती, विजेच्या तारा आणि डीपी यांपासून लांब मोकळ्यावर बसा. गाडीत असाल तर पुलावर, पुलाखाली, मोठ्या झाडाखाली थांबवू नका, बाजूला घेऊन आतच बसा. यात्रेत, मंदिरात, थिएटरमधे असाल तर दाराकडे झुंबड करू नका, दोन खुर्च्यांच्या मधे खाली वाका, भूकंपाने काही झालं नाही तरी चेंगराचेंगरीने होईल. सातपुड्याच्या बाजूला घाटात असाल तर दरडी बघा.

हलणं थांबलं की आधी स्वतःला बघा, मग शेजारच्याला. गॅस बंद, मेन बंद, देव्हाऱ्यातला दिवा विझवा, गॅसचा वास येत असेल तर काडी नाही आणि लाइटचं बटणसुद्धा दाबायचं नाही. मग सगळे बाहेर, आणि भिंतीला मोठ्या भेगा दिसल्या तर इंजिनियरने बघेपर्यंत परत आत नाही. दागिने, मोबाईलचा चार्जर यासाठी आत गेलेली माणसं पुढच्या धक्क्यात सापडतात, मोठ्या भूकंपामागे लहान धक्के दिवसन्‌दिवस येत राहतात आणि आधीच खिळखिळं झालेलं घर त्यात पडतं. कोणी ढिगाऱ्याखाली अडकलं असेल तर जोरात ओढू नका, आधी बोला, आवाज द्या, 112 ला फोन करा, जखमींसाठी 108, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला 1077. राज्याच्या आपत्ती दलाची तुकडी आपल्या धुळ्यालाच आहे, पण ते पोचेपर्यंत पहिल्या तासात वाचवतात ते शेजारीच. तुम्हीच अडकलात तर ओरडत बसू नका, धूळ छातीत जाते, तोंडावर कापड धरा आणि पाइपवर किंवा भिंतीवर दगडाने तीन-तीन टक टक करत राहा. शिट्टी असेल तर फारच चांगलं, मी मुलींच्या दप्तराला एकेक बांधली आहे.

आता समुद्राचं, आणि हे जरा निवांत वाचा, कारण याबद्दल आपल्या भागात काहीच बोललं जात नाही. त्सुनामी म्हणजे भरतीसारखी किंवा वाऱ्याची लाट नाही, समुद्राचा तळ उचलला गेला की अख्ख्या खोलीचं पाणी ढकललं जातं. खोल समुद्रात ते विमानाच्या वेगाने, ताशी 700-800 किलोमीटरने जातं आणि बोटीवरच्या माणसाला कळत पण नाही, किनाऱ्याजवळ उथळ झालं की वेग कमी होतो आणि उंची वाढते. 26 डिसेंबर 2004, रविवार, आपल्याकडे साधारण साडेसहाला सुमात्राजवळ 9.1 चा भूकंप झाला आणि अडीच तासांनी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पाणी आलं. अडीच तास! पण तेव्हा हिंदी महासागरात इशारा द्यायची व्यवस्थाच नव्हती, लोक सुट्टीच्या सकाळी बीचवर फिरत होते. सगळे देश मिळून सव्वादोन लाखांच्या वर माणसं गेली. त्याच दिवशी सुमात्राजवळच्याच सिमेउलुए नावाच्या बेटावर मात्र सातच माणसं गेली, सत्तर हजारांच्या वर वस्ती असून. कारण तिथे 1907 च्या लाटेची आठवण आज्यांनी गाण्यात-गोष्टीत जपली होती, त्या लाटेला त्यांचा शब्द आहे स्मोंग, जमीन हलली आणि पाणी ओसरलं की डोंगराकडे पळा, एवढंच. ना सायरन ना मोबाईल. मला हे वाचलं की आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवतात, एवढीशी ओळ पण पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

तर किनाऱ्यावर असताना तीन गोष्टी म्हणजे इशाराच समजा. वीस सेकंदांपेक्षा जास्त हललं, किंवा उभं राहता येणार नाही इतकं जोरात हललं. समुद्र एकदम मागे गेला, तळ उघडा पडला, किंवा उलट अचानक चढायला लागला. समुद्रातून रेल्वे किंवा विमान यावं तसा घरघराट आला. यातलं एक जरी झालं तर हॉटेलच्या माणसाला विचारत बसू नका, सामान घेऊ नका, फोटो तर नाहीच, जमीन हलत असेल तर थांबल्या थांबल्या उंचावर चालायला लागा. पायी. गाडीने निघालात तर पहिल्याच चौकात अडकाल. साधारण 30 मीटर उंच किंवा 3 किलोमीटर आत हे धरून चाला, जेवढं जमेल तेवढं. खाडी, नदीचं मुख, पूल टाळा कारण पाणी नदीतून आत खूप लांब घुसतं. डोंगर नसेल किंवा आई-वडिलांना चालवत नसेल तर मजबूत आरसीसी इमारतीचा तिसरा मजला किंवा त्याच्या वर. आणि एकदा वर गेलात की पहिली लाट येऊन गेली म्हणून खाली उतरू नका. त्या जुलैमधे जपानला पहिली लाट 30 सेंटिमीटरच्या आसपास होती, लोकांना वाटलं झालं, पुढे कुजी बंदरात 1.3 मीटर मोजली गेली आणि सूचना पूर्ण उठायला दुसरा दिवस उजाडला. लाटा तासन्‌तास येतात, अधिकाऱ्यांनी मोकळं केल्याशिवाय खाली यायचं नाही, कितीही भूक लागो.

आपल्या अरबी समुद्रात होत नाही असं म्हणू नका. 28 नोव्हेंबर 1945 ला मकरानच्या किनाऱ्याजवळ 8.1 चा भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईपर्यंत लाटा आल्या, माणसं गेली. अशा लांबच्या भूकंपात कोकणात किंवा गुजरातेत जमीन हललेली कळणारही नाही, तेव्हा फक्त इशाराच उपयोगी. तो इशारा 2007 पासून हैदराबादची इन्कॉइस ही समुद्रावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था देते. त्यांचे शब्द समजून घ्या, वॉच म्हणजे लक्ष ठेवा, अलर्ट म्हणजे किनाऱ्यापासून दूर व्हा, वॉर्निंग म्हणजे लगेच उंचावर जा. हॉटेल बुक करताना मी आता एक प्रश्न विचारते, मागे चढ कुठे आहे. पोचल्यावर सामान ठेवायच्या आधी मुलांना घेऊन ती वाट एकदा चालून येतो, दहा मिनिटं लागतात, गणपतीपुळ्याला तर मागे डोंगरच आहे, पण अलिबागसारख्या सपाट जागी इमारत आधी हेरून ठेवावी लागते.

बातमी कुठून घ्यायची, यावर थोडं जास्त बोलते कारण आमच्या घरी सगळ्यात मोठा त्रास याचाच झाला. भूकंपाचं भाकीत कोणालाच करता येत नाही, कोणत्याही संस्थेला, कोणत्याही देशाला. "आज रात्री 2 वाजता मोठा धक्का येणार, सगळ्यांना पाठवा" हा मेसेज आला की तो खोटा आहे हे न वाचताच धरा आणि पुढे पाठवू नका, तुमच्यावर विश्वास ठेवून कोणीतरी लहान बाळ घेऊन रात्रभर थंडीत बसतं. झालेल्या भूकंपाची नोंद दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंप विज्ञान केंद्राच्या भूकंप ॲपवर मिळते, आपल्या भागातल्या धक्क्यांच्या बातम्यांत नाशिकच्या मेरी या सरकारी संशोधन संस्थेच्या नोंदी येतात. सरकारी इशाऱ्यासाठी सचेत नावाचं ॲप आहे, मराठीतही आहे, जिल्हा निवडून ठेवा.

अँड्रॉइड फोनमधे भूकंपाचा अलर्ट 2023 पासून आपल्याकडे चालू झालाय, सेटिंगमधे सेफ्टी अँड इमर्जन्सीत जाऊन चालू आहे ना बघा, लोकेशन लागतं. ते भाकीत नाही बरं का. भूकंपात आधी वेगाची हलकी लहर येते, मागून जोराची, पहिली लहर जवळच्या फोनना कळते आणि लांबच्यांना काही सेकंद आधी सूचना जाते. केंद्राच्या अगदी जवळ असाल तर सूचनेआधीच हलेल. पण पाच सेकंद मिळाले तरी टेबलाखाली जाता येतं. लाइट गेली, नेट गेलं की मग रेडिओ, आमच्याकडे सेलवर चालणारा छोटा रेडिओ आहे, आकाशवाणी जळगाव लागतं, तो नुसता शोपीस म्हणून ठेवू नका, सेल काढून वेगळे ठेवा नाहीतर गळतात.

पिशवी एक भरून दाराजवळ टांगा. माणशी रोजचं तीन-चार लिटर पाणी असं तीन दिवसांचं, हे सगळं पिशवीत मावत नाही, पाण्याचे कॅन वेगळे. बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, पॉवर बँक, रोख पैसे सुट्ट्यात, गूळ-फुटाणे, शेंगदाणे, प्रवासाला नेतो तशा दशम्या काही महिना टिकत नाहीत म्हणून कोरडा खाऊच बरा, मुलींसाठी पॅड, बाळ असेल तर दूध पावडर. आधार, सातबारा, बँकेचं पासबुक यांचे फोटो मोबाईलमधे आणि डिजिलॉकरमधे.

आणि शेवटी फोन. मोठ्या घटनेत सगळे एकाच वेळी फोन लावतात म्हणून लाइन जाम होते आणि ज्याला खरंच ॲम्ब्युलन्स पाहिजे त्याचा लागत नाही. कॉल नको, एसएमएस करा, कॉल लागत नसला तरी तो बऱ्याचदा जातो. भूकंप झालेल्या भागाच्या बाहेरचा एक नातेवाईक ठरवून घ्या, सगळ्यांनी फक्त त्यालाच कळवायचं आणि त्याने इतरांना. आमच्या घरी नाशिकच्या मावशी ठरल्यात, त्यांचा नंबर मुलांना पाठ आहे, मोबाईल बंद पडला तरी दुसऱ्याच्या फोनवरून लावता येईल. जपानमधे असणाऱ्यांनी 171 वर आवाजी निरोप ठेवता येतो हे लक्षात ठेवा आणि सेफ्टी टिप्स हे त्यांचं ॲप टाकून घ्या, इंग्रजीत चालतं. भाच्याचं आता ठरलंय, हलणं थांबलं की आधी उंचावर, मग मावशींना दोनच शब्द, "वर आलोय", आणि दर तीन तासांनी परत. तो मेसेज आला की मावशी ग्रुपवर टाकतात आणि बाकी कोणी त्याला फोन करायचा नाही, ताईने सुद्धा नाही, कारण बॅटरी त्याला लागणार आहे.